ड्राफ्ट, ड्राउट आणि पावसाची ओढ

इंग्रजीच्या चुका आपण सगळेच करतो. पण एकाच सेमिस्टरमध्ये, एकाच शब्दजोडीत, दोन कागदांवर बरोबर उलटसुलट चुका करणारा आपल्या हॉस्टेलवर बहुधा मी एकटाच असेन. त्यातल्या एका चुकीने सेमिनार हॉलमध्ये हशा पिकला. दुसरीच्या पायी मात्र घरची शेळी बाजाराला निघाली होती.

शब्द दोन. दोन्हींचं स्पेलिंग 'डी-आर' ने सुरू होतं आणि 'यू-जी-एच-टी' ने संपतं. मधलं एकच अक्षर वेगळं. एकात 'ए', दुसऱ्यात 'ओ'. 'ए' वाल्याचा उच्चार ड्राफ्ट, 'ओ' वाल्याचा ड्राउट. मी दोघांनाही सरसकट 'ड्रॉट' म्हणायचो आणि लिहिताना हाताला येईल ते अक्षर घालायचो. कोणी विचारलं नाही तोवर चालून गेलं.

मी तेव्हा सेकंड इयर मेकॅनिकलला होतो. गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. टेल म्हणजे काय हे बागायतीतल्या मुलांना सांगावं लागतं. आवर्तन सुटल्याची बातमी आमच्याकडे आधी येते, पाणी नंतर येतं, आणि कधी कधी नुसती बातमीच येते. २०२३ चा पावसाळा असाच कोरडा गेला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात पुणे जिल्ह्यातले बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर आणि शिरूर हे पाच होते. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट अशा सवलतींच्या यादीत एक ओळ आमच्या कामाची होती : विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी.

अर्ज करायचा ठरला. रूममेट म्हणाला, "इंग्लिशमध्ये लिही, वजन पडतं." मी आधी मराठीत लिहून काढलं : "पावसाने ओढ दिल्यामुळे आमच्या भागात..." हे वाक्य माझं नव्हे, आजीचं. मग मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून 'ओढ' पाहिला, तर समोर 'ए' वाला शब्द. आधी कुठेतरी वाचल्यासारखाही वाटत होता. म्हटलं, हाच तो. विषयाच्या ओळीत ठोकून दिलं : 'एक्झाम फी कन्सेशन ड्यू टू ड्राफ्ट'. लिहिताना मनात दुष्काळ होता, कागदावर ड्राफ्ट उतरला.

ऑफिसातल्या मॅडमचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं. "ड्राफ्ट? ड्राफ्ट कुठाय? जोडलेला दिसत नाही." मला वाटलं आणखी कसला तरी दाखला मागतायत. म्हटलं, "मॅडम, तलाठ्याचा दाखला लावलाय." त्या म्हणाल्या, "तो असू दे, डी.डी. आण." माझा अर्ज 'डिमांड ड्राफ्ट येणे बाकी' या गठ्ठ्यात गेला आणि माफीच्या पहिल्या यादीत माझं नाव आलं नाही. घरी फोन केला. आण्णा एवढंच म्हणाले, "भर मग. बघतो." बघतो म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. एक शेळी बाजूला बांधली होती.

पुन्हा ऑफिसात गेलो तेव्हा मॅडमनीच पेनाने गोल केला : "अरे, 'ए' नाही, 'ओ' घाल. हे हवेचं लिहिलंयस तू." 'ओ' घातला. दुसऱ्या यादीत नाव आलं आणि शेळी गोठ्यातच राहिली. माझ्या डोक्यात मात्र चुकीचा धडा पक्का झाला, की 'ए' वाला शब्द चूक आणि 'ओ' वाला बरोबर.

त्याच दिवसांत आमची इंडस्ट्रियल व्हिजिट झाली, एका साखर कारखान्यात. गळीत हंगाम जोरात होता, रिपोर्ट माझ्याकडे होता. पुस्तकातून उतरवताना मी 'ए' बरोबर घातला होता. पण सबमिशनच्या आदल्या रात्री ऑफिसातला गोल आठवला, कॉम्प्युटरवर फाइंड अँड रिप्लेस मारलं आणि सगळीकडे 'ओ' करून टाकला. सेमिनारला पहिलीच स्लाइड : 'इंड्यूस्ड ड्राउट फॅन'. मी तसं मोठ्याने वाचलंही. थर्मलचे सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे हा पंखा चालू केला की दुष्काळ पडतो? मग आधी तो बंद करायला सांगा. तुमच्याच भागात बसवलाय." हॉल हसला. पुढचे दोन महिने मेसमध्ये डाळ पातळ झाली की 'इंड्यूस्ड ड्राउट' अशी हाक यायची.

गंमत म्हणजे त्या पंख्याचा अर्थ मला कारखान्यातच अस्सल मराठीत कळला होता, फक्त तो इंग्रजी शब्दाशी जोडला गेला नव्हता. बॉयलरवरच्या मामांनी बगॅसचा चिमूटभर भुगा भट्टीच्या बघायच्या भोकाशी धरला. तो सर्रकन आत गेला. मामा म्हणाले, "बघा पोरांनो, ओढ हाय. ही ओढ तुटली की जाळ आपल्या तोंडाव." मी वहीत 'ओढ' लिहिलं आणि कंसात काहीच लिहिलं नाही. लिहायचा होता तो शब्द हाच, 'ए' वाला ड्राफ्ट.

इंग्रजीत 'ड्रॉ' म्हणजे ओढणे. त्याच क्रियापदाच्या घरातला ड्राफ्ट, म्हणून त्याचा पहिला अर्थ ओढ. ड्राउटचं घर वेगळं. तो 'ड्राय' चा, कोरड्याचा नातेवाईक. 'वॉर्म' चं 'वॉर्म्थ', 'डीप' चं 'डेप्थ' होतं तसं 'ड्राय' चं जुनं रूप 'ड्राउथ', आणि त्याचंच आजचं ड्राउट. म्हणजे हे सख्खे भाऊ नव्हेत, नुसते आडनावबंधू. उच्चाराचा घोळ 'जी-एच' मुळे होतो. 'लाफ' म्हणजे हसणे, यात 'जी-एच' चा 'फ' होतो, तसा ड्राफ्टमध्ये होतो. 'प्लाउ' म्हणजे नांगर, यात तो मुका असतो, तसा ड्राउटमध्ये. लाफमध्ये 'ए' आहे आणि प्लाउमध्ये 'ओ' आहे, हे लक्षात ठेवलं तरी काम भागतं. मी असं पाठ केलं : नांगर थांबला की ड्राउट. हॉल हसला तो ड्राफ्ट.

आता ड्राफ्टचा गोतावळा बघा. एकेका अर्थासमोर मराठी क्रियापद ठेवून पाहा, ते बहुतेक वेळा 'ओढणे' च निघतं. पहिल्या वर्षी घेतलेला मिनी ड्राफ्टर आणि आय.टी.आय. मधला ड्राफ्ट्समन रेघ ओढतात. नांगर ओढायला किती जोर लागतो त्याला शेती अभियांत्रिकीत ड्राफ्ट म्हणतात. बैल आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश ओढ सतत देऊ शकतो, असा आडाखा त्या पुस्तकांत असतो. खिलार ही ओढकामाची जात, इंग्रजीत 'ड्राफ्ट ब्रीड'. तिथे कोणी 'ओ' घातला तर दुष्काळी जात होते. खिलार दुष्काळातही तग धरते हे खरं, पण ते त्या शब्दात नाही. फाउंड्रीत पॅटर्न वाळूतून बाहेर ओढताना साचा ढासळू नये म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार देतात, तो ड्राफ्ट अलाउन्स. सूतगिरणीत पेळू ओढून बारीक करतात, त्या ओढीच्या प्रमाणालाही ड्राफ्टच. डिमांड ड्राफ्ट हा एका बँकेने दुसऱ्या शाखेवर 'ड्रॉ' केलेला कागद. आपण पैसे काढतो म्हणतो, इंग्रज ओढतो म्हणतो. उजनीच्या फुगवट्यात चालणारी होडी भरली की जितकी पाण्यात बसते, ती खोली म्हणजे होडीचा ड्राफ्ट. इथे मराठी 'ओढणे' चालत नाही, हा अर्थ वेगळाच लक्षात ठेवावा लागतो. पिंपातून ओढून काढलेल्या पेयालाही हाच शब्द आहे, पण हॉस्टेलच्या वाचकांसाठी त्यावर जास्त लिहीत नाही.

स्पेलिंगचा एक घोळ इथे येतोच. अमेरिकन इंग्रजीत या सगळ्यांना साधं 'एफ-टी' वालं स्पेलिंग चालतं, 'जी-एच' ची कटकट नाही. ब्रिटिश पद्धतीत कच्चा मसुदा आणि बँकेचा ड्राफ्ट 'एफ-टी' ने, पण हवेची ओढ, जनावराची ओढ, होडीची बुडी हे सगळं 'यू-जी-एच-टी' ने. आपली बॉयलरची बरीच पुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, इंटरनेटवरचं साहित्य बरंचसं अमेरिकन. दोन्ही बरोबर. सरांचं म्हणणं एवढंच की एका रिपोर्टमध्ये एकच पद्धत ठेवा. ड्राउटला मात्र समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच स्पेलिंग आहे.

थर्मलवाल्यांसाठी थोडं पुढे जातो. बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. चिमणी ओढ का घेते? आतला धूर तापलेला, म्हणून हलका. बाहेरची हवा थंड, म्हणून जड. जड हवा खालून घुसते आणि हलक्या धुराला वर ढकलते. खरं तर हे ढकलणं आहे, भट्टीपाशी उभं राहिलं की ओढ वाटते. सूत्र पुस्तकात आहे, मी आकडे घालून पाहिले. ३० मीटर उंच चिमणी, बाहेरची हवा २७ अंश, धूर २२७ अंश, एक किलो कोळशाला २० किलो हवा. ओढ येते सुमारे १३ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकी. एवढ्या उंच धुराड्याची ताकद फक्त तेरा मिलिमीटर! आणि बाहेरचा पारा ४२ वर गेला, बाकी सगळं तसंच राहिलं, तर ती ११.४ वर उतरते. उन्हाळ्यात बाहेरची हवाही हलकी होते ना. इकॉनॉमायझर, एअर हीटर आणि धूळ पकडणारी यंत्रणा यांतून धूर काढायचा तर नैसर्गिक ओढ पुरत नाही. म्हणून एफ.डी. म्हणजे फोर्स्ड ड्राफ्टचा पंखा हवा आत ढकलतो, आय.डी. म्हणजे इंड्यूस्ड ड्राफ्टचा पंखा धूर बाहेर ओढतो. दोघांचा मेळ असा ठेवतात की भट्टीत दाब बाहेरच्यापेक्षा काही मिलिमीटर कमीच राहावा. आय.डी. बंद पडला तर एफ.डी. आपोआप बंद झाला पाहिजे, नाहीतर हवा आत येत राहते, धुराला वाट मिळत नाही आणि जाळ उलटतो. मामा म्हणत होते ती ओढ तुटते ती अशी. लॉगशीटवर या ओढीचा स्वतंत्र रकाना असतो. तिथे शब्द कळला नाही तर हसण्यावारी जात नाही.

ड्राफ्ट पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. ड्राउटही शेवटी पावसाच्या मिलिमीटरमध्येच मोजायला सुरुवात होते. माझ्यासारख्याने गोंधळावं तरी किती!

आणि आता तो मराठी सापळा. 'ओढ' म्हणजे ड्राफ्ट हे सगळीकडे चाललं, पण पाऊस ओढ देतो तेव्हा ड्राउटकडे जावं लागतं. पावसाने ओढ दिली म्हणजे तो यायचा तेव्हा आला नाही, ताणून धरलं त्याने. शब्दकोशात सुटा शब्द पाहिला की असं होतं. 'ओढ' पाहू नये, 'ओढ देणे' पाहावं. आणि तरीही घाई करू नये, कारण पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली तर इंग्रजीत त्याला 'ड्राय स्पेल' पुरतो. ड्राउट त्याहून मोठा.

ड्राउटचेही प्रकार आहेत आणि ते आपल्या दोन तालुक्यांत डोळ्यांनी दिसतात. पाऊस कमी झाला तो हवामानाचा ड्राउट. पिकाच्या मुळाशी ओल उरली नाही तो शेतीचा. धरण, विहिरी, कालवे आटले तो पाण्याचा. तिन्ही एकदम येतीलच असं नाही. सुप्याकडचं जिरायत करपलेलं असतं तेव्हा कालव्याकाठचा ऊस हिरवागार असतो, कारण त्याचं पाणी वरून, मावळतीकडच्या डोंगरातल्या धरणांतून येतं. हा नीरा डावा कालवाही दुष्काळाचंच लेकरू. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर १८८० च्या दशकात तो वाहू लागला. उलट २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून आकडा वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाणी असं उतरलं की पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक गाड्या काढून बघायला जातात. वजा टक्के म्हणजे धरणात पाणीच नाही असं नव्हे. ते मृतसाठ्यातलं, नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं पाणी.

सुट्टीत घरी गेल्यावर आजीला म्हटलं, "सरकारनं दुष्काळ जाहीर केला, माझी फी माफ झाली." आजी म्हणाली, "ह्याला दुष्काळ म्हणत्यात व्हय? टँकर येतुय, रेशन मिळतंय. बहात्तर साली खडी फोडाय गेलेलो आमी. सुकडी मिळायची, तीबी पोरांस्नी पुरवायची." मला वाटलं म्हातारीचं बोलणं. पण सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आजी बरोबर बोलल्या. इंग्रजीत हे दोन शब्द आहेत." पाऊस पडला नाही, पीक गेलं तो ड्राउट. माणसाला खायला मिळेना, लोक उपासमारीने मरू लागले तो फॅमिन. मराठीत दोन्हीला दुष्काळच म्हणतो. सरकारी कागदावर ड्राउटला 'अवर्षण' हा वेगळा शब्द असतो, 'अवर्षणप्रवण तालुका' म्हणतात तो. पण बोलताना तो कोण वापरतं? १८७६ चा तो फॅमिन होता. १९७२ ला ड्राउट भयंकर होता, पण रोजगार हमीच्या आणि दुष्काळी कामांनी त्याचा फॅमिन होऊ दिला नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९ च्या 'हंगर अँड पब्लिक ॲक्शन' या पुस्तकात महाराष्ट्राचं हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. आजीने फोडलेली खडी त्यात आहे, तिला माहीत नाही एवढंच.

शब्दांवरून सरकारंही सावध असतात बरं का. भारतीय हवामान विभागाने २०१६ पासून ड्राउट हा शब्दच आपल्या वापरातून काढला. पूर्वी देशभरचा पाऊस सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी आणि २० ते ४० टक्के प्रदेश कोरडा असेल तर ते 'ऑल इंडिया ड्राउट इयर' म्हणायचे. आता 'डेफिशियंट इयर' म्हणतात, म्हणजे तुटीचं वर्ष. पाऊस मोजणं त्यांचं काम, दुष्काळ जाहीर करणं राज्याचं. आपल्याकडे जाहीर करतानाही 'गंभीर', 'मध्यम' असे शब्द असतात आणि त्याखाली 'दुष्काळसदृश परिस्थिती'. सदृश या शब्दाचा आण्णांना फार राग. ते म्हणतात, पीक काय सदृश जळतं का?

आता कामाची वाक्यं सांगतो, ओरलला आणि अर्जात जशीच्या तशी वापरा. 'ड्यू टू ड्राउट' हे फीच्या अर्जात, 'ओ' घालून. 'ड्राउट-अफेक्टेड तालुका', 'ड्राउट-प्रोन एरिया', इथेही 'ओ'. 'फोर्स्ड', 'इंड्यूस्ड', 'बॅलन्स्ड' यांच्यापुढे हमखास ड्राफ्ट, 'ए'. 'नॅचरल' पुढे चिमणीचं चाललं असेल तर ड्राफ्ट. एखादं खोड दिसलं तर ते प्रोजेक्ट रिपोर्टच्या 'फायनल ड्राफ्ट' मध्ये, तिथे साधं 'एफ-टी'. हॉस्टेलच्या खिडकीतून थंड झोत येतो तोही ड्राफ्टच, रेक्टरांकडे इंग्रजीत तक्रार करायची असेल तर लक्षात ठेवा. काच फुटली आहे असं लिहिलेलं जास्त बरं.

आणि फाइंड अँड रिप्लेस मारताना 'रिप्लेस ऑल' दाबू नका. एकेक बघत जा. माझ्या रिपोर्टात त्या एका क्लिकने तेवीस ठिकाणी दुष्काळ पडला होता. सगळे 'ए' परत घालून मी तो नव्याने प्रिंट केला, मामांचं वाक्य मराठीतच ठेवलं आणि खाली इंग्रजी अर्थ दिला. सरांनी सही केली. 'लूज' आणि 'लॉस' चा घोळ रूममेटच्या नावावर आहे, त्यावर पुढच्या अंकात त्यानेच लिहावं.